अंगाला लागणारे कापड : सुती, बांबूचे की टेरिकॉट?

"डॉक्टर, बांबूच्या धाग्याचे बनियन घातले तर खाज येत नाही म्हणतात. घ्यावे काय?" हा प्रश्न अलीकडे मला दवाखान्यात वारंवार विचारला जातो. कुणी 'लिनन'च्या शर्टाबद्दल विचारतो, कुणी बाळासाठी 'ऑरगॅनिक कॉटन'चे झबले दुप्पट किमतीला घ्यावे की नाही ते विचारतो. कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर आता 'निसर्गस्नेही', 'पर्यावरणपूरक' असे शब्द सर्रास दिसू लागले आहेत. आपला जिल्हा कापसाचा. ज्याच्या शेतात पांढरे सोने पिकते त्याच्याच अंगावर टेरिकॉटचा सदरा आणि पॉलिएस्टरची पँट असते, हेही आपण रोज पाहतो. म्हणून आज या सदरात औषधांऐवजी कपड्यांबद्दल लिहीत आहे. कापड हे चोवीस तास आपल्या त्वचेला लागून असते आणि त्याचा आरोग्याशी फार जवळचा संबंध आहे.

घाम, त्वचा आणि धागा

आपले शरीर घामावाटे थंड राहते. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. तो वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ही व्यवस्था नीट चालणे हा जिवाचा प्रश्न असतो. घाम त्वचा आणि कापड यांच्यामध्ये अडकून राहिला तर अंगाची लाही लाही होते, घामाच्या नलिकांची तोंडे बंद होतात व घामोळे उठते. ओलसर, उबदार जागा मिळाली की नायट्याची बुरशीही तेथे जोमाने वाढते.

कापूस, जवसाच्या जातीच्या झाडापासून निघणारा लिनन, ताग, केळीचा धागा हे सगळे वनस्पतिजन्य धागे मुख्यतः सेल्युलोज नावाच्या पदार्थाचे बनलेले असतात. सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. नेहमीच्या हवेत ठेवलेला १०० ग्रॅम कोरडा सुती धागा हवेतील सुमारे ८ ग्रॅम ओलावा सहज शोषून घेतो. लिननचा धागा सुमारे १२ ग्रॅम घेतो. पॉलिएस्टरचा धागा मात्र अर्धा ग्रॅमही घेत नाही. पॉलिएस्टर हे खनिज तेलापासून तयार केलेले एक प्रकारचे प्लास्टिकच आहे. त्याचा शोध इंग्लंडमध्ये १९४१ साली लागला. आपल्याकडे ते टेरीन, टेरिलीन आणि सुतात मिसळून टेरिकॉट या नावांनी घरोघर पोचले. त्याला इस्त्री लागत नाही, ते चटकन वाळते, लवकर फाटत नाही. हे त्याचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. परंतु घाम पिण्याच्या बाबतीत ते सुताच्या जवळपासही येत नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. खेळाडू घालतात ते पातळ, जाळीदार कृत्रिम कपडे घाम पसरवून वाऱ्यावर लवकर वाळवतात. धावणाऱ्या माणसाला ते ठीक आहेत. उलट सुती कापड एकदा चिंब झाले की वाळायला वेळ घेते. सबब, सुती कपडे घातले म्हणजे सारे झाले असे नव्हे. ते ओले झाले की बदललेही पाहिजेत. पावसाळ्यात दमट राहिलेले सुती आतले कपडे तसेच अंगावर चढवणे हे नायट्याला आमंत्रणच आहे.

नायटा परत परत का येतो?

गेल्या दहा-बारा वर्षांत नायट्याचे, म्हणजे गजकर्णाचे, रुग्ण देशभर वाढले आहेत आणि तो पूर्वीसारखा पटकन बराही होत नाही. एक उदाहरण सांगतो. मोबाइलच्या दुकानात काम करणारा एक तरुण माझ्याकडे तिसऱ्यांदा आला होता. जांघेत आणि कमरेभोवती मोठमोठी चकंदळे होती. मागच्या दोन्ही वेळी थोडे बरे वाटताच त्याने गोळ्या बंद केल्या होत्या आणि मधल्या काळात दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावले होते. अशा मलमाने खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत जाते. त्याच्या कपड्यांची चौकशी केली. सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत अंगाला घट्ट चिकटणारी, ताणली जाणारी जीन्स आणि आत नायलॉनमिश्रित चड्डी. जीन्स रोज धुतली जात नव्हती. टॉवेल घरातील तिघांचा एकच.

त्याला पूर्ण मुदतीचे औषध दिलेच, शिवाय तीन गोष्टी करायला सांगितल्या. सैल सुती पँट व सुती चड्डी वापरायची. आतले कपडे रोज गरम पाण्यात धुऊन, उलटे करून कडक उन्हात वाळवायचे व आतल्या बाजूने इस्त्री फिरवायची. आणि टॉवेल स्वतःचा वेगळा ठेवायचा. घरातील इतरांनाही तपासले, कारण एकाचा नायटा बरा होऊन उपयोग नसतो. या वेळी औषधाची मुदत पुरी झाल्यावर तो निर्मळ त्वचेने दाखवायला आला.

यातून कुणी असे समजू नये की सुती कापडाने नायटा बरा होतो. बरा औषधानेच होतो. पण कापड चुकीचे असले तर चांगले औषधही हरते. आणि जीन्स ही मूळची सुतीच असते, हेही लक्षात घ्या. जाड, घट्ट सुती कापडही तितकेच वाईट. धागा आणि शिवण दोन्ही पाहावे लागतात.

काहींना कापडाच्या धाग्याचा नव्हे तर रंगाचा त्रास होतो. पॉलिएस्टरला चढवायचे काही गडद निळे-काळे रंग धाग्यात घट्ट बसत नाहीत, ते घामाबरोबर त्वचेवर उतरतात. पुरळ काखेच्या खळगीत न येता तिच्या कडेला, कमरेच्या पट्ट्याखाली, मांडीच्या आतील बाजूस, म्हणजे जेथे कापड घासते तेथे येत असेल, तर कपड्याचा संशय घ्यावा.

चुलीजवळ आणि गॅसजवळ

त्वचेच्या खाजेपेक्षा गंभीर बाब आगीची आहे. सुती कापड पेटते, आणि लवकर पेटते. लोंबता पदर सुती असला तरी गॅसजवळ धोक्याचाच. परंतु सुती कापड वितळत नाही, जळून त्याची राख होते. नायलॉन आणि पॉलिएस्टर साधारण अडीचशे अंशांच्या आसपास वितळतात आणि तो तापलेला रस त्वचेला चिकटतो. जखम खोल होते. टेरिकॉटसारख्या मिश्र कापडात सूत पेटते आणि वितळलेले पॉलिएस्टर त्यालाच धरून जळत राहते. म्हणून स्वयंपाक करताना व फटाके उडवताना अंगाबरोबर बसणारे, पण फार घट्ट नसलेले सुती कपडेच घालावेत, पदर खोचावा, ओढणी बाजूला ठेवावी.

भाजल्यास त्या भागावर नळाचे साधे पाणी निदान वीस मिनिटे सोडावे. बांगड्या, अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. सुटे कपडे काढावेत, मात्र चिकटलेले कापड ओढू नये. ते काम दवाखान्यात होऊ द्यावे. शाई, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये.

बांबूचे बनियन म्हणजे नेमके काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कापसाचा धागा बोंडातून जसा निघतो तसाच आपण कातून वापरतो. बांबूचे तसे नाही. बाजारात मिळणारे बांबूचे मऊसूत बनियन बहुतेक वेळा व्हिस्कोसचे, म्हणजे रेयॉनचे असते. बांबूचा लगदा करतात, तो दाहक सोडा व कार्बन डायसल्फाइड या रसायनांच्या साहाय्याने विरघळवतात आणि बारीक छिद्रांतून दाबून त्याचा पुन्हा धागा करतात. ही कृती १८९२ साली इंग्लंडमध्ये निघाली. लगदा बांबूचा असो की निलगिरीचा, शेवटी धागा तोच. बांबूच्या अंगी जंतुनाशक गुण असले तरी या प्रक्रियेत ते उरत नाहीत. २००९ साली अमेरिकेतील व्यापार आयोगाने रेयॉनचे कपडे 'बांबूचे' व 'जंतुनाशक' म्हणून विकणाऱ्या काही विक्रेत्यांवर कारवाई केली ती याच कारणाने.

व्हिस्कोस घालणाऱ्याला वाईट नाही. ते घाम सुतापेक्षाही जास्त शोषते व अंगाला गार लागते. आवडत असेल आणि परवडत असेल तर जरूर घाला, मात्र खाज जाईल या आशेने दुप्पट पैसे देऊ नका. प्रश्न आहे तो ते बनवणाऱ्या कामगाराचा. कार्बन डायसल्फाइडची वाफ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेली तर नसा आणि मेंदूवर परिणाम होतो. गेल्या शतकात अनेक देशांतील रेयॉन कामगारांना हा त्रास झाल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे. चांगल्या कारखान्यांत ही वाफ पकडून पुन्हा वापरतात. लायोसेल नावाचा नवा धागा कमी विषारी द्रावक वापरून करतात आणि तो द्रावक जवळजवळ सगळा परत मिळवला जातो. या दृष्टीने तो व्हिस्कोसपेक्षा बरा.

लिनन उन्हाळ्यासाठी उत्तम, पण महाग. आपल्याकडे जवस तेलासाठी घेतात. कापडासाठीचा धागा उंच वाढणाऱ्या वेगळ्या जातींपासून निघतो आणि तो मोठ्या प्रमाणात युरोपातून येतो. केळीच्या खांबापासूनही धागा निघतो. घड कापल्यावर वाया जाणाऱ्या खांबाचा हा चांगला उपयोग आहे, मात्र तो भरड असल्याने पिशव्या, चटया यांना जास्त शोभतो. सारांश, आपल्या हवेत रोज अंगाला लावायला साधे सुती कापड सर्वांत सोयीचे.

घालणाऱ्याचे आरोग्य आणि पिकवणाऱ्याचे आरोग्य

सुती कापड आपल्या अंगाला चांगले हे खरे. पण ते ज्याने पिकवले त्याच्या अंगाचे काय? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात ठेवावे लागले. कीटकनाशक पोटात गेले तरच बाधते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात शिरते. डोक्याएवढ्या उंच पिकात, दमट उकाड्यात, उघड्या अंगाने फवारणाऱ्याच्या अंगावर ते तासन्‌तास मुरत राहते.

येथे सुताचा जो गुण तोच दोष ठरतो. घाम पिणारे कापड औषधही पिते आणि त्वचेला लावून ठेवते. म्हणून फवारताना आत पूर्ण बाह्यांचा सुती सदरा व पायजमा, त्यावर पाणी न शिरणारा ॲप्रन, हातमोजे, बूट, तोंडावर योग्य मुखवटा असावा. नुसता दुपट्टा तोंडाला बांधून भागत नाही. तो भिजला की नाकालाच औषध लावल्यासारखे होते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. कपडे भिजले तर काम थांबवून लगेच काढावेत, साबणाने अंग धुवावे. घरी ते कपडे इतर कपड्यांत, विशेषतः मुलांच्या कपड्यांत, कधीही मिसळू नयेत. धुणाऱ्या बाईने हातमोजे घालावेत व ते वेगळ्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन उन्हात वाळवावेत. मूळ तीव्र औषध सांडलेले कापड धुण्याच्या भानगडीत पडू नये, ते टाकूनच द्यावे. डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, तोंडाला लाळ सुटणे, छातीत दाटणे यांपैकी काही झाले तर औषधाचा डबा सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

जिनिंग व सूतगिरणीतील धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार हा दुसरा धोका. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी, बहुधा सोमवारी, छाती आवळल्यासारखी वाटते. पुढे मात्र ती रोजची होऊन बसते. अशा कामगारांनी दरवर्षी श्वासाची तपासणी करून घ्यावी.

सेंद्रिय कापसाचे महत्त्व येथे कळते. कापड तयार होताना ते उकळले व धुतले जाते, त्यामुळे शेतातील औषधाचा फारच थोडा अंश त्यात उरतो. घालणाऱ्याच्या त्वचेला सेंद्रिय आणि साध्या सुतात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो शेतकऱ्याच्या शरीराला, त्याच्या विहिरीला आणि मातीला. ज्यांना चार पैसे जास्त देणे शक्य आहे त्यांनी त्यासाठी ते द्यावेत, मात्र प्रमाणपत्राचा शिक्का पाहूनच.

पॉलिएस्टर पिकवावे लागत नाही, पण त्याचाही हिशेब आहे. प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक प्लास्टिकचे तंतू सुटतात व नाल्यावाटे नदीत जातात. ते कुजत नाहीत. २०२२ साली नेदरलँडमधील संशोधकांनी २२ जणांचे रक्त तपासले तेव्हा १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे सूक्ष्म कण आढळले. हे कण कपड्यांतूनच आले असे नव्हे, आणि त्यांनी अमुक रोग होतो असे अजून सिद्ध झालेले नाही. म्हणून भिऊन जाण्याचे कारण नाही, मात्र प्लास्टिकचे कपडे गरजेपुरतेच ठेवण्याला हे एक कारण नक्कीच आहे.

खरे सूत ओळखावे कसे?

दुकानात 'कॉटन फिनिश', 'कॉटन टच', 'सॉफ्ट कॉटन' असे शब्द ऐकले की सावध व्हा. चिठ्ठीवर धाग्याचे टक्के लिहिलेले असतात, ते वाचा. खादी म्हटली म्हणजे शंभर टक्के सूत असेही नाही. 'पॉलिवस्त्र' नावाच्या खादीत पॉलिएस्टर असते.

घरी एक सोपी परीक्षा करता येते. शिवणीतून एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि पाणी भरलेल्या ताटलीवर काडी लावा. हे काम मोठ्यांनीच करावे. सूत कागदासारखे जळते, तसाच वास येतो व मऊ राख होते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि त्याचा कडक काळा मणी होतो. रेशीम व लोकर यांना केस जळाल्याचा वास येतो. राखेत टणक कण लागले तर कापड मिश्र आहे. रेयॉनही सुतासारखेच जळते. त्यासाठी धागा ओला करून ओढून पाहा. सुती धागा ओला झाल्यावर अधिक चिवट होतो, रेयॉनचा चटकन तुटतो.

नवे कापड धुऊनच वापरा

आपल्याकडे बाळाला नवे कापड लगेच घालत नाहीत. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे दुपटे आणि लंगोट करतात, वाकळ शिवतात. काही जण याला मागासलेपणा समजतात. माझ्या मते यात पक्के शास्त्र आहे. नव्या कापडावर खळ असते, जादा रंग असतो, चुणी पडू नये म्हणून लावलेले फॉर्मलडिहाइडयुक्त रसायन असते. त्याने नाजूक त्वचेला पुरळ येते. पुष्कळदा धुतलेल्या लुगड्यातून हे सारे निघून गेलेले असते व ते पाणीही छान शोषते. कोऱ्या सुतावर मेणासारखा पातळ थर असतो, म्हणून कोरे कापड पाणी टिपत नाही. तो थर काढल्यावरच दवाखान्यातला कापूस तयार होतो. जुन्या लुगड्याला आणखी दहा वर्षे कामाला लावणे याहून पर्यावरणाला पूरक दुसरे काय असणार? मात्र असे कापड स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेले हवे. मासिक पाळीत कापड वापरणाऱ्या भगिनींनीही हाच नियम पाळावा. लाजेने ते अंधाऱ्या कोपऱ्यात दमट ठेवू नये.

थोडक्यात लक्षात ठेवण्याजोगे

१) आतले कपडे, झोपण्याचे कपडे, चादर व लहान मुलांचे कपडे शक्यतो शुद्ध सुती असावेत. बाहेरच्या कपड्यांत थोडे मिश्रण चालेल.

२) उन्हाळ्यात सैल, फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला. ओले झाले की बदला.

३) प्रत्येक नवा कपडा एकदा धुऊनच अंगावर चढवा.

४) 'जंतुनाशक', 'औषधी' अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. धाग्याचे टक्के वाचा.

५) स्वयंपाक व फटाके यांच्या वेळी कृत्रिम धाग्याचे कपडे नकोत.

६) कपडे थोडे घ्या, टिकाऊ घ्या, पुरते वापरा. जुन्या सुताच्या पिशव्या, पायपुसणी, वाकळी करा.

७) खाज पंधरा दिवसांत गेली नाही, किंवा घरात एकापेक्षा अधिक जणांना झाली, तर दुकानातून मलम न आणता डॉक्टरांना दाखवा. येताना रोज घालता तेच कपडे घालून या, म्हणजे आम्हाला कारण शोधायला मदत होते.